पंचेचाळीस दात

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले, की एका सकाळी स्कूटरच्या सीटवर काळी कणी दिसते. बोटानं पुसायला जावं तर पसरते. कारखान्याचा बॉयलर पेटला, हे आमच्याकडं असं कळतं. दोरीवरच्या धुतलेल्या बनियनवर, झाकायचं राहिलेल्या दुधावर, कढीपत्त्याच्या पानांवर उसाच्या चिपाडाची ती राख येऊन बसते आणि हंगाम सुरू होतो. दोन दिवसांत मळीचा वास येतो. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्हाला मात्र तो वास यायला उशीर झाला तर चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

मग बारामती-इंदापूर रस्ता होळीपर्यंत ट्रॅक्टरांचा होतो. दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर छताएवढा ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी लावलेला टेप, ज्यातलं गाणं आधी ऐकू येतं आणि ट्रॅक्टर नंतर दिसतो. काटेवाडीच्या पुढं रस्त्यावर पडलेलं वाढं, उसाचे हिरवे शेंडे, गुरांसाठी वेचणाऱ्या बायका असतात. निमगावच्या पानमळ्यांपाशी घटकाभर वास बदलतो, ओलसर हिरवा होतो, आणि पुन्हा मळी. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या हंगामात हा रस्ता मी दर सुट्टीला एसटीच्या खिडकीतून पाहिला. त्यानंतर इंदापूरला जायचं काम निघालं की मी भिगवणवरून फेर घालून जायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, ट्रॉल्यांची फार गर्दी असते.

मी कमी बोलणारा माणूस आहे. लोक याला स्वभाव म्हणतात, काही जण तर गुण म्हणतात. कमी बोलण्याची एक मोठी सोय असते: हा काय लपवतोय, असं कुणी विचारत नाही. बायकोला लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेल्यावरही जे सांगितलं नव्हतं, ते या वर्षी एका माणसाला सांगितलं. आता लिहूनही टाकतो.

तात्या वालचंदनगरच्या कारखान्यात टर्नर होते, म्हणजे लेथवर लोखंड कातणारे. त्यांच्या लेथवर चढणारा शाफ्ट माणसापेक्षा लांब असे, आणि कातून निघणारी लोखंडाची चिप निळी, गरम, करंगळीएवढी रुंद, बुटात गेली तर बूट जाळणारी. डिप्लोमा झाल्यावर मी तिथं अ‍ॅप्रेंटिस म्हणून त्यांच्या हाताखाली लागलो, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. माझ्या आज्यापर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. वडिलांनी मोरगावच्या बाजूला थोडी कोरडवाहू जमीन कसली. मशीनला हात लावणारा घरातला मी पहिला. बिरुदेव हे माझं नाव तात्यांनी फारसं कधी वापरलं नाही. पहिल्या दिवसापासून मी ‘डिप्लोमा’. काय डिप्लोमा, जेवला का. अरं डिप्लोमा, ह्ये माप हाय का अंदाज?

शाबासकी देणं त्यांच्यात नव्हतं. केलेला जॉब हातात घ्यायचे, अंगठा फिरवायचे आणि खाली ठेवायचे. आवाज न करता ठेवला तर पास. टक्कन ठेवला तर पुन्हा कर. दोन वर्षं मी त्या न झालेल्या आवाजावर जगलो. पण माणसाला, विशेषतः विशी-बाविशीतल्या माणसाला, कधी तरी शब्दच हवा असतो.

निवृत्तीनंतर ते इंदापूरला राहायला आले. एसटी स्टँडमागच्या गल्लीत घर, पुढं पत्र्याची पडवी. सोबत मुलगी, सुजाताताई. प्राथमिक शाळेत शिक्षिका, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. तात्यांची बायको आधीच गेलेली. मला तोवर बारामतीच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये नोकरी लागली होती. सुट्टी आली की मी सकाळची एसटी धरायचो, कारण त्या पडवीत तो लेथ होता.

तो लेथ म्हणजे एक गंमतच होती. एका साहेबानं हौसेसाठी परदेशातून आणलेला, दोन माणसांनी उचलून टेबलावर ठेवावा एवढा, आणि कॉलनी सोडून जाताना तात्यांना भेट दिलेला. तात्यांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा कमरेवर हात ठेवून विचारलं होतं म्हणे, “ह्यो लेथ हाय का शिवणयंत्र?” आयुष्यभर खांद्याएवढ्या मशीनवर उभं राहिलेला माणूस, त्याला स्टुलावर बसून लेथ चालवायची लाज वाटली. पहिले दोन महिने तो चादरीखाली होता. मग एक दिवस त्यांनी त्यावर सुजाताताईसाठी पितळेचं एक टाचणीचं डोकं केलं, ज्वारीच्या दाण्याएवढं, आणि त्या दिवसापासून चादर घडी होऊन कपाटात गेली.

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये मशीनला झेंडूच्या माळा, हळदी-कुंकू, नारळ. तात्यांच्या घरी छप्पन सालापासून ते बंद होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढं पांढरं फूल, एवढंच. पण त्या दिवशी ते लेथ पूर्ण उघडायचे. प्रत्येक नट, प्रत्येक गिअर परातीत रॉकेलमध्ये बुडवायचे, जुन्या दाढीच्या ब्रशनं घासायचे, जुन्या धोतराच्या फडक्यावर ओळीनं मांडायचे, तेलाचं बोट लावून पुन्हा जागच्या जागी. संध्याकाळी चक, म्हणजे जॉब पकडणारा फिरता जबडा, आवळायची-सोडवायची चावी भिंतीवरच्या तिच्या खिळ्याला अडकवली, की सण संपला. ती चावी चकमध्ये विसरलेली त्यांना कुणाचीच चालत नसे; मशीन सुरू होताच ती उडून अंगावर येते. मी एकदा विसरलो तर त्यांनी मला काही न बोलता पडवीबाहेर उभं केलं होतं, अर्धा तास, बाविसाव्या वर्षी. सुजाताताई शाळेतून आल्या आणि म्हणाल्या, “काय रे, गृहपाठ विसरलास?”

तात्या एक इंजिन करत होते. जुन्या साखर कारखान्यात गाळपाचे रूळ फिरवणारं वाफेचं इंजिन असायचं. विजेच्या मोटारी आल्यावर ते सुटं करून भंगारात गेलं. नोकरीच्या सुरुवातीला तात्यांनी त्याचा एक शाफ्ट बनवला होता. आता त्याची प्रतिकृती, शेगडीवरच्या वाफेवर चालणारी, वीतभर उंच. वहीत सगळी मापं होती, काही आठवणीतली, काही त्यांनी भंगाराच्या ढिगातून जाऊन घेतलेली. हंगाम संपायच्या आत ते फिरलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं होतं. का, असं मी विचारलं नाही. कारखान्याचा भोंगा बंद व्हायच्या आत आपलंही इंजिन फिरावं, एवढंच असावं.

सिलिंडर झाला होता. चाक झालं होतं. इंजिन जोडणाऱ्या पाच सळयांना आटे पाडायचे राहिले होते, आणि आटे पाडतानाच लेथचं एक गिअर तुटलं.

ज्यांनी लेथ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लेथच्या डाव्या अंगाला, झाकणाच्या आत, गिअरांची एक माळ असते. चक फिरला की ती माळ फिरते आणि एका लांब स्क्रूला फिरवते. आटे पाडताना तो स्क्रू कटिंग टूल बसवलेल्या कॅरेजला ओढत चककडं नेतो. जिथं आटे संपायचे, तिथं दांडा वर उचलायचा, म्हणजे कॅरेज सुटतं आणि थांबतं. क्षणाचं काम असतं. उशीर झाला तर कॅरेज जाऊन चकवर आदळतं. त्या दिवशी उशीर झाला नव्हता. एक चिप स्क्रूत अडकली होती. टक् असा बारीक आवाज आला, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा, आणि कॅरेज जागच्या जागी थांबलं. झाकण काढलं. माळेतल्या एका गिअरचे दोन दात नव्हते. पांढरं, दुधी रंगाचं गिअर. प्लास्टिकचं.

तात्यांनी ते उजेडाला धरलं. इतकी वर्षं त्यांनी दर खंडेनवमीला ते घासलं होतं, पण ते तुटेल असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. आता मात्र जणू कुणी त्यांना फसवलं होतं. “लेथमधी प्लास्टिक. खेळण्यात घालावं ते लेथमधी घालत्यात व्हय?” वालचंदनगरच्या प्रत्येक माणसाच्या अंगात हे असतंच, माझ्याही होतं. जाड ते खरं. जड ते प्रामाणिक. आमच्या भागात कुणाचं कौतुक करायचं तर म्हणतात, ओतीव काम हाय. प्लास्टिकला कुणी ओतीव म्हणत नाही.

लेथबरोबर इंग्रजी पुस्तक आलेलं होतं. सुजाताताई म्हणाल्या, आणा, मी वाचते. तात्या म्हणाले, तुला त्यातलं काय कळणार, डिप्लोमा बसलाय की समोर. आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

मी ते पान उघडलं. गिअरांच्या माळेचं चित्र होतं आणि खाली चौकटीत चार ओळी. अर्थ स्वच्छ होता. हे एक गिअर मुद्दाम मऊ केलेलं आहे. यंत्रावर जास्त भार आला तर ते सगळ्यांत आधी तुटावं, म्हणजे बाकीचं यंत्र आणि चालवणारा माणूस वाचेल. या जागी धातूचं गिअर बसवू नये.

“काय म्हणतंय पुस्तक?” तात्यांनी विचारलं.

“काय न्हाय, तात्या. सुट्टा भाग मागवायचा नंबर दिलाय.”

नंबर दिलेला होताच. म्हणून तर ते इतकं सहज तोंडातून गेलं.

का, हे मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे आणि दर वेळी जरा बरं दिसेल असं उत्तर दिलं आहे. आता जसं होतं तसं सांगतो. आमच्या वर्कशॉपमध्ये मला नुकतंच मिलिंग मशीनवर घेतलं होतं. गिअर कापायला मी शिकलो होतो. तात्या टर्नर, गिअर कापणं त्यांचं काम नव्हतं. त्यांना येत नाही असं काही तरी मला येत होतं आणि ते त्यांना दाखवायची संधी हातात आली होती. पुस्तकातलं वाचून दाखवलं असतं, तर त्या संधीचं प्लास्टिक झालं असतं.

पुण्यात दोन-तीन दुकानांत विचारून झालं. कुणाकडं असं गिअर नव्हतं, पत्र पाठवून येईल याची खात्री नव्हती. “मी बनवतो, तात्या,” मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली.

बारामतीला जेवणाच्या सुट्टीत, मालकाला विचारून, चार दिवस मी ते केलं. तो हिवाळा चांगला पडला होता. वर्कशॉपच्या पत्र्याखाली दुपारचं ऊन पट्ट्या-पट्ट्यांनी यायचं आणि त्यात ती काळी राख उडताना दिसायची. कपाटाखाली नायलॉनचा पांढरा गोल बार पडलेला होता, हवा त्या जाडीचा. मी तो पाहिला. हे मला लिहायलाच हवं. तो बार माझ्या पायाला लागला होता, आणि मी पायानंच तो आत सरकवून स्टीलच्या रॅककडं गेलो.

पंचेचाळीस दात. एक दात कापायचा, मग खुणेच्या तबकडीवर अठरा भोकांच्या वर्तुळात सोळा भोकं पुढं जायचं, पुढचा दात. एक भोक चुकलं की सगळं वाया. बँकेच्या रांगेत उभा राहिलो की आजही माझं बोट मांडीवर ते मोजत असतं. शेवटचा दात पहिल्या दाताला बरोबर मिळाला. वीस मिनिटं मी नुसतं ते गिअर फडक्यानं पुसत बसलो.

पुढच्या सुट्टीला ते एका रुमालात गुंडाळून नेलं. निमगावला एसटी थांबली, खिडकीतून पानांचा वास आला, आणि मी ते उघडून पुन्हा पाहिलं. तात्यांनी हातात घेतलं. अंगठा फिरवला, एकेक दात, पंचेचाळीसच्या पंचेचाळीस. मी कान देऊन बसलो, आवाज होतोय का. त्यांनी खाली ठेवलंच नाही. सुजाताताईंना हाक मारून बोलावलं, त्यांच्या तळहातावर ते ठेवलं आणि म्हणाले, “बघ. बिरुदेवानं केलंय.”

डिप्लोमा नाही. बिरुदेव. त्या दिवशी त्यांच्याकडं कालवण वांग्याचं होतं, भाकरी बाजरीची, आणि परतीच्या एसटीत मी बारामतीपर्यंत उभा होतो तरी पाय दुखले नाहीत. चोरलेल्या शाबासकीचं ओझं लगेच जाणवत नाही.

पौष गेला, माघ गेला. इंजिनच्या चार सळयांना आटे पडले. शेवटची राहिली.

ते कसं झालं ते मी पाहिलं नाही, पण शंभर वेळा पाहिल्यासारखं मला दिसतं. सकाळची वेळ, पडवीत ऊन. गल्लीतून उसाची ट्रॉली गेली असेल, नसेलही. तात्यांचा हात दांड्यावर. क्षणभर डोळ्यात पाणी आलं असेल, किंवा चष्म्यावर राख बसली असेल, किंवा बासष्ट वर्षांच्या माणसाचा हात कुणाचाही होतो तसा अर्धा क्षण मागं राहिला असेल. कॅरेज चकवर गेलं. मऊ गिअर असतं, तर सुपारी फुटल्यासारखा एक आवाज झाला असता आणि तात्यांनी त्याला एक शिवी दिली असती. पण माझं गिअर तुटलं नाही. मग जे तुटू शकत होतं ते तुटलं. लांब स्क्रू वाकला. त्याला धरणारं ओतीव बीडाचं ब्रॅकेट फुटलं. टूल मोडून त्याचा तुकडा पत्र्याला भोक पाडून गेला. तात्यांच्या कानापासून तो किती लांबून गेला, ते त्या भोकाकडं पाहून मी मोजलं आहे.

मी गेलो तेव्हा ते लेथसमोर स्टुलावर बसले होते. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर, जणू ते कुणी तरी तिथं ठेवून गेलं होतं. चकमध्ये ती सळई तशीच होती, अर्धे आटे पडलेली, जराशी वाकलेली.

“हात गेला,” ते म्हणाले.

मला वाटलं लागलंय. मी हात बघू लागलो. कुठं खरचटलंही नव्हतं.

“लागला न्हाय रं. गेला. चाळीस वर्षांत एकदा चकवर गेलं न्हाय माझं कॅरेज.”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, मला त्याची चव आठवते. तेवढ्यात त्यांनी बाजूला काढून ठेवलेलं गिअर उचललं आणि माझ्यापुढं धरलं.

“आन् ह्ये बघ. एवढं झालं, पर तुझ्या गिअरचा एक दात हलला न्हाय. काम करावं तर आसं.”

आयुष्यात मिळालेल्या त्यांच्या दोन शाबासक्या, दोन्ही त्या एकाच गिअरबद्दल. मी तोंड मिटलं. ते वाक्य जे आत गेलं ते गेलंच. त्या दिवशी मी लेथ दुरुस्त करू म्हणालो, ते नको म्हणाले. पुढच्या सुट्टीला मला काही तरी काम निघालं. त्याच्या पुढच्या सुट्टीला आणखी काही. होळीच्या आधी कारखान्याचा भोंगा बंद झाला. पुढच्या हंगामापासून मी भिगवणवरून जाऊ लागलो. सहा-सात वर्षांनी तात्या गेल्याचं कळलं तेव्हा मातीला गेलो, मागच्या रांगेत उभा राहिलो आणि सुजाताताईंशी न बोलता परत आलो.

चूक त्यांची होतीच, नाही असं मी म्हणत नाही. पण ती एका प्लास्टिकच्या गिअरएवढी चूक होती. कुठल्याही कारागिराच्या हातून वर्षातून एकदा व्हावी आणि दुसऱ्या दिवशी विसरली जावी, एवढी. तिला एवढी मोठी मी केली.

यंदा दिवाळीनंतर सीटवर राख दिसली त्याच आठवड्यात सुजाताताईंचा फोन आला. त्या आता निवृत्त आहेत, त्याच घरात राहतात, पडवी पाडून खोली काढणार आहेत. भंगारवाला लेथ मागतोय. “तात्यांचा लेथ त्याला द्यायचा जीव होत नाही,” त्या म्हणाल्या. “म्हटलं आधी तुला विचारावं. त्यांच्या हाताखालचा तूच तर होतास.” माझं स्वतःचं वर्कशॉप आहे आता, हे त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. मी येतो म्हणालो. आणि त्या दिवशी काटेवाडीवरूनच गेलो, ट्रॉल्यांच्या मागून, गाणी ऐकत.

चादरीखाली सगळं तसंच होतं. गंज चढलेला, पण तसंच. चकमध्ये ती सळई. तात्यांनी ती काढली नव्हती, नंतर कुणी काढली नव्हती. चावी खिळ्याला. पत्र्यातलं भोक एम-सीलनं बुजवलेलं. पुस्तक लेथच्या खणात होतं; मी ते पान उघडून ताईंच्या हातात दिलं आणि सांगितलं. एका दमात नाही. चहा गार झाला तितका वेळ लागला.

त्यांनी चौकटीतल्या ओळी दोनदा वाचल्या. शिक्षिकेच्या सवयीनं ओळीखालून बोट फिरवत. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

“मी त्यांना पुण्याला नेलं होतं,” त्या म्हणाल्या. “हात दाखवायला. डॉक्टरांनी सगळं बघितलं. हाताला काही नाही म्हणाले. तर येताना बसमध्ये मला म्हणतात, त्या डॉक्टरला काय कळतंय, कॅरेज काय आपोआप चकवर गेलं व्हय? रोज सकाळी पाण्यानं भरलेला पेला धरून बसायचे खिडकीत. सांडतंय का बघायला. सांडायचं नाही. तरी बसायचे.”

मी म्हणालो, ताई, माझं चुकलं.

“हे त्यांना सांगायचं होतंस. मला सांगून तुझं हलकं होईल. मी आता हे कुणाला सांगू?”

त्या उठल्या, गार चहा मोरीत ओतला, दुसरा टाकला. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “भंगारात देत नाही मी तो. पडवीही पाडत नाही. नीट करून दे. काय न्यायचं असेल ते सुटं करून ने, पण लेथ हितनं हलवायचा न्हाय. आणि ती सळई काढायची न्हाय.” एरवी शाळेतलं शुद्ध बोलणाऱ्या बाईच्या तोंडात शेवटी बापाची बोली आली.

हा हंगाम त्यात गेला. नवा स्क्रू, नवं ब्रॅकेट. रॉकेलची परात, ब्रश, फडक्यावर ओळीनं मांडलेले भाग. माझं जुनं स्टीलचं गिअर एका डबीत सापडलं, तेल लावून ठेवलेलं, गंजाचा एक ठिपका नसलेलं. ते मी खिशात टाकलं. नायलॉनच्या बारातून नवी गिअर कापली, एक नाही, तीन. पंचेचाळीस दात, अठरात सोळा भोकं. मोजायला चष्मा लागला.

माघातल्या एका सकाळी सगळं बसवून झालं. ताई स्टुलावर बसल्या होत्या. मी चकच्या अलीकडं कॅरेजच्या वाटेत एक लोखंडी ठोकळा घट्ट आवळला, पांढरं गिअर माळेत बसवलं, झाकण लावलं आणि मशीन हळू गतीवर सुरू केलं. इतक्या वर्षांनी तो बारीक गुणगुणणारा आवाज पडवीत आला, तसा ताईंनी पदर सावरला. दांडा मी खाली दाबला. कॅरेज निघालं, अगदी सावकाश, मुंगीनं चालावं तसं, आणि ठोकळ्याला जाऊन टेकलं. दांडा मी उचलला नाही.

टक्.

कॅरेज थांबलं. चक फिरत राहिला. मी मशीन बंद केलं, स्क्रूवर बोट फिरवलं, ब्रॅकेट पाहिलं. कुठं काही नव्हतं. झाकण काढून दोन पांढरे दात उचलले आणि ताईंच्या तळहातावर ठेवले.

त्यांनी ते बोटानं उलटवून पाहिले. तांदळाच्या कणीएवढे दोन तुकडे.

“एवढाच आवाज?”

“एवढाच, ताई.”

बाहेर गल्लीतून ट्रॉली गेली, गाणं आधी आणि ट्रॅक्टर मागून. ताईंनी मूठ मिटली.

“दुसरं बसव,” त्या म्हणाल्या. “आणि ती सळई काढ आता.”

मी भिंतीकडं हात केला. चावी खिळ्याला होती.